वायर की वायरलेस? घरातल्या नेटचा स्पीड नेमका कुठे अडतो

जिओने १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून हवेतून येणारं घरगुती नेट, सुरू केलं, पहिल्या आठ शहरांत मुंबई-पुणे होतीच, एअरटेलने त्याच्या आधी ऑगस्टमध्येच मुंबई-दिल्लीत आपलं एअरफायबर आणलं होतं, आणि तेव्हापासून सोसायटीच्या गेटवर टेबल टाकून बसलेली पोरं "काका, वायरची कटकटच नको, गच्चीवर डबा लावतो, आजच नेट चालू" असं सांगतायत. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, दर महिन्याला ग्राहकांचे आकडे काढते त्यातही ह्या ५जी-वाल्या घरगुती कनेक्शनचा हिशोब आता वेगळा येतो, म्हणजे लोक घेतायत हे नक्की. आणि मग फॅमिली ग्रुपवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत तोच प्रश्न, वायरचं फास्ट की बिनवायरचं?

उत्तर एका शब्दात हवं असेल तर वायरचं. पण तेवढ्यावर कोणी कनेक्शन बदलू नका, कारण नेट स्लो आहे म्हणून वैतागलेल्या बऱ्याच घरांत बाहेरून येणारं नेट ठणठणीत असतं आणि अडतं ते घराच्या आत, राउटर ते बेडरूम ह्या आठ-दहा मीटरमध्ये. कंपनी बदलली, प्लॅन वाढवला, पैसे गेले, आणि बेडरूममध्ये व्हिडिओ पूर्वीसारखाच गोल गोल फिरतोय, असं होतं. म्हणून आधी समजून घेऊ की स्पीड जातो कुठे.

वायरलेस एक नाही, दोन आहेत

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. तुमच्या मोबाइलपर्यंत नेट येतं त्याचे दोन टप्पे आहेत. पहिला, कंपनीकडून तुमच्या घरापर्यंत. हा फायबरच्या वायरने येऊ शकतो, किंवा मोबाइलच्या टॉवरवरून हवेतून गच्चीवरच्या किंवा खिडकीतल्या डब्यात येऊ शकतो, ह्यालाच एअरफायबर म्हणतात, नावात फायबर असलं तरी तुमच्या दारापर्यंत फायबर येत नाही. दुसरा टप्पा, घरातल्या राउटरपासून तुमच्या लॅपटॉप, टीव्ही, फोनपर्यंत. हाही वायरने करता येतो, म्हणजे लॅनची केबल, नाहीतर हवेतून, म्हणजे वाय-फाय.

आता बघा, घरी फायबर आहे म्हणून "आमच्याकडे वायरचं नेट आहे" असं म्हणणारा माणूस घरात सगळं वाय-फायवरच वापरत असतो, त्याच्यासाठी शेवटचा टप्पा वायरलेसच आहे. आणि एअरफायबरवाल्याने राउटरमधून लॅपटॉपला केबल लावली तर त्याचा शेवटचा टप्पा वायरचा आहे. म्हणजे चार जोड्या होतात, आणि ज्या टप्प्यावर स्पीड सगळ्यात कमी तोच तुम्हाला मिळणार, बाकीचा कितीही भारी असला तरी.

स्पीड म्हणजे फक्त एमबीपीएस नाही

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइलचा साइज आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा एमबीच्या आसपास दिसतं. कंपनी ह्यात फसवत नाहीये, माप वेगळं आहे एवढंच.

दुसरा आकडा पिंग. तुम्ही काही मागितलं आणि उत्तराची सुरुवात झाली ह्यात गेलेला वेळ, मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. फायबरवर जवळच्या सर्व्हरला हा बहुतेक वेळा एक आकडी नाहीतर दहा-पंधरा असतो, ५जीवर साधारण वीस ते चाळीस. तिसरा, आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो, जिटर, म्हणजे पिंग किती वरखाली होतो. पिंग सतत ३० असेल तर चालतं, पण एकदा १०, एकदा २००, एकदा ४० असं व्हायला लागलं की मीटिंगमध्ये आवाज फाटतो, समोरच्याचा चेहरा थिजतो, आणि तेव्हा स्पीड टेस्ट केली तर आकडा मस्त ८०-९० दिसतो. मग माणूस म्हणतो नेट तर चांगलंय, लॅपटॉपच खराब झालाय.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे जी मला फार आवडते. हवेतून जाणारी रेडिओ लहर सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जाते, आणि फायबरच्या काचेतून जाणारा प्रकाश साधारण २ लाख. म्हणजे निव्वळ धावण्यात वायरलेसच पुढे! तरी वायर जिंकते, कारण मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर काचेतून जायला प्रकाशाला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही, वेळ जातो तो धावण्यात नाही, आपला नंबर यायची वाट बघण्यात, आणि बिघडलेलं पुन्हा पाठवण्यात.

वाय-फायमध्ये नंबर का लावावा लागतो

सोसायटीची वार्षिक सभा आठवा. हॉल एक, माणसं पन्नास, आणि एका वेळी एकानेच बोलायचं, दोघं एकदम बोलले की कोणाचंच कळत नाही आणि दोघांना परत पहिल्यापासून सांगावं लागतं. त्यात कोपऱ्यात बसलेल्या आजोबांना ऐकू जावं म्हणून सेक्रेटरींना एकेक शब्द हळू, परत परत सांगावा लागतो, आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प बसून राहतात. भरीस भर शेजारच्या हॉलमध्ये दुसऱ्या सोसायटीची सभा चालू आहे आणि तिथला आवाज इकडे येतोय.

वाय-फाय अगदी असंच चालतं. राउटर, फोन, टीव्ही, सीसीटीव्ही, सगळे एकाच चॅनलवर, आणि प्रत्येक जण बोलायच्या आधी कान देऊन बघतो की आत्ता कोणी बोलत तर नाही ना. लांबच्या खोलीतला जुना फोन म्हणजे ते कोपऱ्यातले आजोबा, त्याला तोच डेटा द्यायला जास्त वेळ लागतो आणि तो वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो, म्हणून एका लांबच्या डिव्हाइसमुळे हॉलमधल्याचा पण स्पीड पडतो. शेजारचे राउटर पण त्याच चॅनलवर असले तर त्यांच्यासाठीही थांबावं लागतं. लॅनच्या केबलमध्ये ही भानगडच नाही, एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला तुमचा लॅपटॉप, मध्ये तिसरा कोणी नाही, आणि दोघं एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात.

वाय-फायचे मुख्य दोन रेडिओ पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि शेजाऱ्यांचा त्रास सगळ्यात जास्त होतो २.४ च्या पट्ट्यात. इथे एकमेकांवर न चढणारी चॅनल मिळतात तीनच, १, ६ आणि ११. ठाण्या-पुण्यातल्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये फोनवर वाय-फायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावं सहज दिसतात, म्हणजे एकेका चॅनलवर सात-आठ घरं. त्यात ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती पण तिथेच. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे, २०१८ मध्ये सरकारने तिथला बराच मोठा भाग विनापरवाना वापरायला मोकळा केला, त्यामुळे जमेल त्या डिव्हाइसला ५ वरच ठेवा. पण ५ ला भिंती जड जातात.

राउटरच्या खोक्यावर १२०० लिहिलंय, मग घरात दीडशेच का?

कारण तो १२०० म्हणजे बेरीज आहे. २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ मिळून साधारण १२०० झाले, आणि तुमचा फोन एका वेळी दोन्हीवर नसतो, कुठल्यातरी एकावर असतो. त्यातले २.४ वाले ३०० हे दुप्पट रुंद चॅनल धरून काढलेले आहेत, आणि गजबजलेल्या बिल्डिंगमध्ये राउटरला तेवढी रुंद जागा मिळतच नाही, मग ते निम्मे होतात. उरलेल्यातले सुद्धा बरेच त्या थांबा-ऐका-बोला ह्या कारभारात जातात, साधारण धरून चाला की वाय-फायच्या कागदावरच्या आकड्यातला निम्मा, फार तर साठ टक्के प्रत्यक्ष हातात येतो. तेही राउटरसमोर उभं राहून. मध्ये भिंत आली की आणखी खाली.

भिंतीभिंतीत पण फरक आहे. विटांच्या पातळ पार्टिशनमधून ५ गिगाहर्ट्झ बऱ्यापैकी जातं. आरसीसीचा कॉलम किंवा शिअर वॉल असेल तर, आणि हल्लीच्या बऱ्याच नवीन टॉवरमध्ये आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात, तिथे सिग्नल मरतो. कोकणात जांभ्याच्या जाड भिंतीचं घर असेल किंवा गावाकडे जुना वाडा असेल तर एका राउटरमध्ये माजघरापलीकडे काही पोचेल ही अपेक्षाच ठेवू नका. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा सिग्नल परतवतात, पाण्याची टाकी आणि फिशटँक तो पिऊन टाकतात. आणि आपल्याकडे राउटर ठेवतात कुठे, तर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात नाहीतर टीव्हीच्या मागे, कारण वायरवाल्याने वायर तिथवरच आणून सोडलेली असते. इन्स्टॉलेशनच्या दिवशी माणसाला सांगून ती वायर घराच्या मध्यावर आणि डोक्याच्या उंचीवर आणून घेतली तर फुकटात जो फरक पडतो तो नवीन राउटर घेऊनही पडत नाही, हे मी कळकळीने सांगतोय, कारण बहुतेक घरांत ही संधी वाया जाते.

वायर लावली तरी ९४ च येतात, का?

हा प्रश्न २०० किंवा ३०० चा प्लॅन असलेले लोक विचारतात, आणि आकडा दरवेळी ९४-९५ च असतो, हीच खूण आहे. तुमचं कनेक्शन कुठेतरी १०० च्या पोर्टवर, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेवर, अडकलंय. स्वस्त राउटरना अजूनही १०० एमबीपीएसचे पोर्ट असतात, त्यातून डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या वेष्टणाचा खर्च वजा जाता ९४ च्या आसपास उरतात. गिगाबिट पोर्ट असेल तर तेच ९४० च्या आसपास.

राउटर गिगाबिटचा असूनही ९४ येत असतील तर केबल बघा. लॅनच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्या जास्तीच्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली किंवा टोकाच्या क्लिपमध्ये नीट दाबली गेली नाही तरी दोन्ही बाजूची यंत्रं गुपचूप १०० वर येतात, कुठलाही एरर नाही, नेट चालूच राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, तिथे १०० दिसलं तर दुसरी केबल लावून परत बघा, १००० झालं की दोष केबलचा. कॅट ५ई लिहिलेली साधी केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात देते, कॅट ६ घेतली तर उत्तमच, कॅट ८ वगैरेच्या मागे घरात लागायची गरज नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारताना एवढंच विचारा की आत शुद्ध तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम, दुसऱ्या प्रकारची स्वस्त पडते पण वाकवली की आतून तुटते.

"आमच्या टीव्हीला वायर लावल्यावर स्पीड उलट कमी झाला!"

खरं आहे, असं होतं, आणि हा वायरच्या विरोधातला सगळ्यात चांगला मुद्दा आहे. कितीतरी स्मार्ट टीव्हींना, चांगल्या महागड्यांनासुद्धा, लॅनचा पोर्ट १०० चाच असतो आणि वाय-फाय मात्र ५ गिगाहर्ट्झचं असतं, मग राउटर समोरच असेल तर टीव्हीवरच्या टेस्टमध्ये वाय-फाय अडीचशे आणि वायर ९४ दाखवते. पण टीव्हीला लागतात किती? नेटफ्लिक्स स्वतः फोरकेसाठी १५ एमबीपीएस सांगतं, फुल एचडीला ५. म्हणजे ९४ मध्ये पोटभर होतं, आणि टीव्ही वायरवर गेल्याने घरातला रोज तीन-चार तास बडबडणारा एक मेंबर सभेतून बाहेर पडला, बाकीच्यांच्या फोनला हवा मोकळी झाली. टीव्हीला वायर लावायची ती टीव्हीसाठी कमी आणि बाकी सगळ्यांसाठी जास्त.

माझं मत विचाराल तर घरात जे जे जागचं हलत नाही, टीव्ही, डेस्कटॉप, वर्क फ्रॉम होमचं टेबल, सीसीटीव्हीचा डबा, त्याला वायर, आणि जे हातात घेऊन फिरतो त्याला वाय-फाय.

आता घराबाहेरचं: फायबर की टॉवर

फायबर घरी येतं तेव्हा एक्स्चेंजकडून निघालेली एक काच वाटेत फाटे फुटून साधारण ३२ किंवा ६४ घरांत जाते. सगळ्यात प्रचलित पद्धतीत त्या एका काचेवर डाउनलोडला सुमारे २.५ जीबीपीएस आणि अपलोडला सुमारे १.२५ जीबीपीएस असतात. म्हणजे फायबर पण शेअरिंगचंच आहे, हे कबूल करायला पाहिजे, फक्त वाटेकरी ठरलेले असतात आणि सगळे एकाच सेकंदाला पूर्ण स्पीड ओढत नाहीत.

टॉवरचं गणित वेगळं आहे. तिथे तुमच्या गच्चीवरच्या डब्याबरोबर त्या भागातले सगळे मोबाइल पण वाटेकरी असतात आणि ते किती येतील ह्याचा नेम नाही. गणपतीत लक्ष्मी रोडला फोनला फुल रेंज असून मेसेज जात नाही हे पुणेकरांना सांगायला नको. कंपनी घरगुती कनेक्शनसाठी टॉवरची ठराविक क्षमता राखून ठेवू शकते, नवीन ५जीमध्ये तशी सोय आहे, पण टॉवरवर एकूण हवा आहे तेवढीच. म्हणून एअरफायबर घेताना दुपारी बारा वाजता डेमो बघून भुलू नका, रात्री नऊ ते अकरा, त्यातही मॅच असेल त्या दिवशी, त्याच बिल्डिंगमधल्या कोणाकडे तरी जाऊन बघा.

अपलोडमध्ये तर फरक जास्तच. ५जीच्या ३.३ गिगाहर्ट्झवाल्या पट्ट्यात तीच फ्रीक्वेन्सी आळीपाळीने डाउनलोड आणि अपलोडला वापरतात आणि बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक बघतात जास्त, पाठवतात कमी. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही बाजूंना सारखा स्पीड मिळतो. घरून ऑनलाइन क्लास घेणारे शिक्षक, व्हिडिओ एडिटिंग करणारी मुलं, घरातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर टाकणारे, ह्यांनी अपलोड आधी विचारावा.

आणि डेटाची मर्यादा. "अनलिमिटेड" च्या खाली बारीक अक्षरात आकडा असतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला ३३०० जीबी, एअरफायबरला १००० जीबी अशी मर्यादा राहिलेली आहे, ती ओलांडली की स्पीड पार खाली. चार माणसांच्या घराला १००० जीबी सहसा पुरतात, पण दोन टीव्हींवर दिवसभर फोरके चालू असेल तर हिशोब करून बघा.

पाऊस, लाइट आणि जेसीबी

पावसाने एअरफायबर बंद पडतं का? ३.३ गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचे थेंब फारसं काही करत नाहीत. २६ गिगाहर्ट्झचा जो पट्टा आहे त्याला मात्र मुसळधार पावसाचा चांगलाच फटका बसतो. कोकणात त्याहून मोठी अडचण म्हणजे ओली झाडं, डबा आणि टॉवरच्या मध्ये आंबा-फणसाची गर्दी असेल तर मेमध्ये चांगलं चाललेलं जुलैमध्ये रडतं. डबा लावताना मध्ये काय आहे ते बघून जागा ठरवा.

फायबरला पाण्याने गंज चढत नाही, वीज कडाडली म्हणून त्यातून करंट येत नाही. पण रस्ता खोदणारा जेसीबी, वायरवर पडलेली फांदी, कुरतडणारी घूस, हे त्याचे शत्रू. फायबरच्या राउटरवरचा 'एलओएस' लिहिलेला लाल लाइट लुकलुकायला लागला म्हणजे प्रकाशच येत नाहीये, अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार करा. त्याआधी एवढंच बघा की घरातली बारीक वायर सोफ्याखाली चेपलेली किंवा काटकोनात मुडपलेली तर नाही, काच आहे ती, जास्त वाकली की प्रकाश बाहेर सांडतो.

लाइट गेल्यावर काय होतं हे कोणी घेताना विचारत नाही. अस्सल फायबरमध्ये एक्स्चेंज ते घर ह्या मधल्या वाटेवर विजेवर चालणारं काहीच नसतं, त्यामुळे घरी राउटरपुरता छोटा यूपीएस असला की नेट चालू राहतं. पण पुष्कळ लोकल केबलवाले फायबर फक्त बिल्डिंगपर्यंत आणतात, जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीत एक स्विच ठेवतात आणि तिथून प्रत्येक घरात लॅनची केबल, आणि तो स्विच चालतो बिल्डिंगच्या मीटरवर. मग तुमच्या घरी इन्व्हर्टर असून लाइटबरोबर नेट जातं. पावसाळ्यात त्याच लांब तांब्याच्या केबलींमुळे विजांच्या दिवसांत पोर्ट उडतात ते वेगळंच. घरात येणारी वायर बघा, टोकाला रुंद पारदर्शक प्लास्टिकची क्लिप म्हणजे लॅन, आणि छोटं हिरवं नाहीतर निळं प्लास्टिकचं टोक म्हणजे फायबर.

"माझा फोन ५जीवर ५०० दाखवतो, घरचं फायबर १०० च!"

तो १०० तुमच्या प्लॅनचा आहे, काचेचा नाही. कंपनीने तुम्ही भरलेल्या पैशांप्रमाणे तिथे कुलूप लावलेलं असतं, उद्या ५०० चा प्लॅन घेतला तर त्याच काचेतून ५०० येतील. उलट फोनवरचे ५०० हे त्या दहा सेकंदांचे, त्या गॅलरीतले, टॉवर रिकामा असतानाचे. शिवाय स्पीड टेस्ट बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यातल्या किंवा जवळच्या सर्व्हरला केली जाते, म्हणून ती सगळ्यात चांगली बाजू दाखवते. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची टेस्ट त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मोजते, दोन्ही करून बघितलेलं बरं.

आणि टॉवरलाही शेवटी वायर लागतेच. जास्त गर्दीच्या टॉवरला खालून फायबरच जोडलेलं असतं, आणि देशाबाहेरचं जवळजवळ सगळं नेट समुद्राच्या तळाच्या केबलींतून येतं, त्यातल्या बऱ्याच आपल्या मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ काही केबली तुटल्या तेव्हा भारतातसुद्धा नेट मंदावलं होतं, तेव्हा फायबरवाले आणि ५जीवाले दोघांनाही तोच त्रास झाला. म्हणूनच न्यूजर्सीतल्या मुलीशी बोलताना आवाज किंचित उशिरा येतो त्याचा दोष घरच्या वाय-फायला देऊ नका, साडेबारा हजार किलोमीटर जाऊन-येऊन काचेतला प्रकाशच सव्वाशे मिलिसेकंद घेतो, त्याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. आवाज तुटत असेल तर मात्र घरात शोधा.

मग बिनवायरचं कोणी घ्यावं?

ज्यांच्या गल्लीत फायबर नाही त्यांनी बिनधास्त घ्यावं. गावाबाहेरचं फार्महाउस, नवीन लेआउटमधला बंगला, सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतलेली खोली, जिथे सोसायटी नवीन वायर टाकू देत नाही अशी जागा, इथे एअरफायबर खरंच वरदान आहे आणि चांगला सिग्नल असेल तर चार माणसांच्या घराचं सगळं त्यावर भागतं. त्याच्याही पलीकडे, जिथे टॉवरच नाही, तिथे उपग्रहाचा पर्याय येतोय, महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांसाठी स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. जुन्या पद्धतीचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, त्यामुळे जायला-यायला जवळपास अर्धा सेकंद जायचा, स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत म्हणून बोलण्याजोगं नेट मिळतं. पण पुण्यात दारात फायबर असताना त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

भिंत फोडायची नाही, वायर कशी नेऊ?

भाड्याच्या घरात हीच अडचण असते. बारीक चपटी लॅन केबल दरवाज्याच्या खालून, स्कर्टिंगच्या कडेने सहज जाते, चिकटपट्टीच्या क्लिपा मिळतात, घर सोडताना काढून घ्यायच्या. स्वतःच्या घराचं काम काढणार असाल तर वायरिंगच्या वेळीच प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकून ठेवायला इलेक्ट्रिशियनला सांगा, लाइटच्या वायरींच्या पाइपात नको, वेगळा.

वायर अगदीच शक्य नसेल तर एक्स्टेंडर, म्हणजे वाय-फायची रेंज पुढे ढकलणारा डबा, घ्यायच्या आधी थांबा. साधा एक्स्टेंडर एका कानाने ऐकतो आणि त्याच चॅनलवर परत बोलतो, म्हणून स्पीड जवळपास निम्मा होतो, रेंजच्या दांड्या फुल दिसतात आणि नेट मात्र ढिम्म. त्यापेक्षा दोन-तीन डब्यांचं मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वाय-फाय देणारा संच, घ्या, आणि त्यातल्या एका डब्याला तरी वायरने जोडता आलं तर फारच छान.

पण पैसे खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ द्या. रात्री नऊनंतर लॅपटॉप राउटरला केबलने जोडून, बाकीच्यांना पाच मिनिटं नेट वापरू नका सांगून टेस्ट करा, पिंग पण लिहून ठेवा. मग केबल काढून राउटरसमोर उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर. मग बेडरूममध्ये जिथे खरोखर वापरता तिथे. मग तीच तिसरी टेस्ट कोणीतरी फोनवरून फोटोंचं बॅकअप चालू केल्यावर, पिंग एकदम १० वरून २०० वर गेला तर तुमची मीटिंग स्पीडमुळे नाही, अपलोड भरल्यामुळे तुटतेय आणि बॅकअप रात्री झोपताना लावला तरी काम होईल. केबलवरच प्लॅनच्या निम्मा आकडा आला तर कंपनीला फोन करा आणि "केबलवर टेस्ट केलीये" हे आधी सांगा, नाहीतर तिकडून पहिलं उत्तर "राउटरजवळ जाऊन बघा" हेच येणार. केबलवर पूर्ण आणि बेडरूममध्ये वीस टक्के असेल तर कनेक्शन बदलू नका, राउटरची जागा बदला.